सपत्नीक, विनाहेल्मेट

आमच्या घरात आप्पांचा हसरा फोटो एकच आहे आणि तो पोलिसांनी काढलेला आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोर्टाच्या नक्कल विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली. कुणाला निकालाची प्रत हवी, कुणाला साक्षीची, कुणाला पुराव्याची. अर्ज घ्यायचा, मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून बघायचं आणि सही-शिक्क्याची नक्कल हातात ठेवायची. या कामात हसायची वेळ येत नसावी, कारण कॅमेरा समोर आला की आप्पांचा चेहरा अजूनही ‘निकाल राखून ठेवला आहे’ असा होतो. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ते असे उभे आहेत की आईनेच त्यांना पकडून आणलंय असं वाटावं. माझ्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा स्माइल." आप्पा म्हणाले, "का?" बिचारा पुढच्या नातेवाइकांकडे वळला.

घरात मात्र ते हसतात. क्वचित, पण हसतात. खांदे गदगदा हलतात, डोळ्यांत पाणी येतं आणि आवाज अजिबात येत नाही. हे हसू मी आजवर दोन-तीनदाच पाहिलंय. आईने जास्त पाहिलंय, आणि तिचं दुःखही तेच होतं.

"पन्नास वर्षं व्हायला आली लग्नाला," ती म्हणायची. "पन्नास वर्षं बहिणींना सांगतेय, अगं, हे घरी हसतात. एकीचा विश्वास बसेल तर शपथ. थोरली म्हणते, तुला भास होत असेल."

तिला दागिना नको होता, काश्मीर नको होतं, हॉलमधला समारंभ तर नकोच होता. दिवाणखान्याच्या भिंतीवर दोघांचा एक फोटो, आणि त्यात हे हसत असलेले. बस. आम्ही गेली काही वर्षं प्रयत्न करत होतो. एकदा माझी बायको प्राची हिने आप्पांना गुदगुल्या करायचंही सुचवलं होतं, पण सुनेने करायच्या की मुलाने, यावर एकमत झालं नाही आणि तो विषय मागे पडला.

आता थोडं माझ्याविषयी. मी सुहास. हडपसरच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढण्याचा पगार घेतो. माझ्यात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, मी कायदा पाळतो. दोन, मला तंद्री लागते. चालता चालता, जेवता जेवता, बॉसचं ऐकता ऐकता मी अलगद कुठेतरी निघून जातो. तिथे छान असतं. मागे एकदा सकाळी मी घंटागाडीत जेवणाचा डबा टाकला आणि ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन ऑफिसला गेलो होतो. (दुपारी जेवायला बसेपर्यंत लक्षात आलं नाही. वास येत होता, पण मला वाटलं शेजारच्या टेबलावरून येतोय.) तेव्हापासून आईने मला दिवाणखान्यातल्या पडद्यांच्या उरलेल्या कापडाची डब्याची पिशवी शिवून दिली आहे. पिवळ्या रंगावर हिरवे पोपट. "आता डोळ्यांत भरेल," ती म्हणाली. भरते. सगळ्या ऑफिसच्या भरते.

कायद्याचं म्हणाल तर घरात हेल्मेटचा प्रचार मीच करतो. आई-आप्पा भाजीला, बँकेत, दवाखान्यात जातात ती स्कूटर माझ्या नावावर आहे, म्हणून माझा जीव वर-खाली होतो. मी त्यांना हेल्मेट आणून दिलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं, घराबाहेर पडताना रोज आठवण केली.

"सुहास," आप्पा म्हणाले, "मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, माझं डोकं जागेवर आहे. तुझं हेल्मेट घालूनही नसतं कधीकधी."

यावर मी हसून सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांशी काय वाद घालायचा.

एका रविवारी दुपारी जेवायला बसलो असताना मोबाइल वाजला. चलान. स्कूटरचा नंबर, स्वारगेटजवळचा आमचाच चौक, आणि कित्येक आठवड्यांपूर्वीचा एक शुक्रवार. विनाहेल्मेट चालक, विनाहेल्मेट सहप्रवासी. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. एवढ्या वर्षांच्या प्रचाराला सरकारी पाठिंबा मिळाला होता. मी घसा साफ केला.

"आप्पा, मी सांगत होतो ना?" आणि फोटो मोठा करून मोबाइल ताटांच्या मधोमध ठेवला.

सिग्नलला थांबलेली स्कूटर. पुढे आप्पा, बोडके. मागे आई, बोडकी. आणि हेल्मेट? तेही होतं. पट्ट्यातून हात घालून आईने ते कोपरात उलटं अडकवलं होतं आणि त्यातून मेथीची जुडी आणि एक मुळा बाहेर डोकावत होता.

"हे बघ, बरोबर होतं की हेल्मेट," आई म्हणाली.

"आई, ते डोक्यावर हवं."

"मग मेथी कशात आणायची? प्लास्टिकच्या पिशवीला बंदी आहे, दंड होतो, असं तूच सांगतोस. कापडी पिशवी घरी राहिली होती. आता एक कायदा पाळायचा म्हटलं की दुसरा मोडतोच. मी आपला जमेल तो पाळला."

मी मुद्दे जुळवत होतो, तेवढ्यात आईने चष्मा पुसला, मोबाइल उचलून नाकाजवळ नेला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हसताय."

मग तो मोबाइल या हातातून त्या हातात फिरला. खरंच हसत होते. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, डोळे मिटत आलेले. आईने हसता हसता कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकवलं होतं. दोघंही डावीकडे, फोटोच्या चौकटीबाहेर कुठेतरी बघत होते. मागे संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं होतं, गाड्यांच्या धुरातून ते गाळून आल्यासारखं दिसत होतं, आणि त्या एवढ्या गर्दीत ही दोन माणसं, विशीतली असावीत तशी, कशाला तरी खदाखदा हसत होती. आमची ताटं तशीच राहिली. वरणावर साय धरली तरी कुणी भात कालवला नाही.

"कशाला हसत होतात हो एवढे?" प्राचीने विचारलं.

आई-आप्पांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही आठवेना.

पुढचा आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आईचं म्हणणं, तिला कदाचित खडकवासल्याची आठवण आली असेल. नवीन लग्न झाल्यावर आप्पांनी तिला सायकलवर डबलसीट नेलं होतं आणि परतताना चेन पडली तेव्हा दोघं पिठलं-भाकरीच्या वासावर चालत घरी आले होते. ते सांगता सांगता ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आप्पा म्हणाले, "हसत नव्हतो. डोळ्यांवर ऊन आलं होतं." प्राची म्हणाली, ऊन आल्यावर माणूस डोळे बारीक करतो, खांदे हलवत नाही. फोटोत खांदे हललेत कशावरून, असं आप्पांनी विचारलं. एवढी उलटतपासणी झाल्यावर मीही माझी बाजू मांडली.

कारण तो शुक्रवार मला लख्ख आठवत होता. त्या संध्याकाळी मी तंद्रीत मोटारसायकल ऑफिसातच विसरून बसने घरी आलो होतो. (आई म्हणाली, "हेल्मेट नाही विसरलास ते नशीब." मी म्हटलं, "हेल्मेट मी विसरत नाही.") पण काय संध्याकाळ होती ती! आयुष्यात पुण्याने मला इतकं प्रेमाने कधी वागवलं नव्हतं. बस गच्च भरलेली, तरी माझ्या शेजारच्या जागेवर कुणी बसलं नाही. एक बाई तर उठून मागे गेल्या. कंडक्टरने सुटे न मागता तिकीट दिलं, वर "सावकाश" म्हणाला. स्वारगेटला उतरलो तर सगळं शहर सोनेरी-तपकिरी झालं होतं. आभाळ, पूल, रिक्षा, माणसं, सगळ्यांवर मधाचा हात फिरवल्यासारखं. आणि शांतता. भर चौकात सिग्नलला थांबलो, चहूबाजूंनी हॉर्न वाजत असणार, पण ते फार लांबून, नदीच्या पलीकडून येताहेत असं वाटत होतं. मला माझा श्वास ऐकू येत होता. मी मनाशी म्हटलं, हेच ते जुनं पुणं, लोक ज्याच्याबद्दल बोलतात.

"त्या संध्याकाळच्या हवेतच काहीतरी होतं," मी घरच्यांना म्हणालो. "तुम्ही त्यालाच हसलात. म्हणजे, आनंदाने."

"असेल बाबा," आई म्हणाली. आप्पांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

कारण सापडो न सापडो, आईला तो फोटो भिंतीवर हवा होता. आणि आप्पांना ते चलान त्याच दिवशी भरून हवं होतं. "आपल्या घरात आजवर कुणाच्या नावावर गुन्हा नाही," ते म्हणाले. "आत्ता भरून टाक."

आईने माझा हात धरला. "थांब. भरल्यावर फोटो पुसून टाकला तर?"

टाकतात की ठेवतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मधल्या मधे अडकलो. मोबाइलवर उतरवून घेतलेला फोटो होता, पण नखाएवढा. आईला मोठा हवा होता आणि मूळ फोटो कुठेतरी सरकारात होता. तोपर्यंत चलान तसंच राहिलं. आप्पा बेचैन झाले. संध्याकाळी बागेतल्या बाकावर मित्रांशेजारी बसायला जायचं त्यांनी सोडलं. "आरोपीने गप्पा मारायच्या नसतात," म्हणाले.

मी उतरवून घेतलेला फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने तो भिंतीच्या आकाराला ताणला. आप्पांच्या चेहऱ्याच्या फरश्या झाल्या. आईच्या जागी एक गुलाबी ढग आला.

"नंबरप्लेट बघा मात्र किती शार्प आलीये," तो म्हणाला.

मग मी तंत्रज्ञानाची मदत घेतली. (माझा व्यवसायच तो.) जुने फोटो सुधारून देणारं एक ॲप मोबाइलवर घेतलं, फोटो त्यात घातला, आणि एका मिनिटात आई-आप्पा असे लख्ख उजळून आले की मी तो फोटो छापूनच घरी आणला. आईने तो हातभर लांब धरला, मग जवळ घेतला.

"हे कोण?"

"आप्पा."

"ह्यांना एवढे दात कधी होते? आणि केस?" ती आणखी निरखून म्हणाली, "आणि माझ्या हातात हे काय?"

ॲपने मेथीच्या जुडीचा फुलांचा गुच्छ केला होता आणि मुळ्याची मेणबत्ती.

"मी फुलं-मेणबत्त्या घेऊन ह्या परक्या माणसाच्या मागे बसून कुठे निघालेय रे? उद्या हा फोटो भिंतीवर लागला तर माझ्या बहिणी काय म्हणतील?"

आप्पांनी फोटोवर नजर टाकली. "चलान याच्या नावावर करा," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

शेवटी मी रजा टाकून वाहतूक पोलिसांच्या कचेरीत गेलो. रांग मोठी होती. खिडकीत एक पोलीसताई होत्या. माझ्या पुढचे सगळे तावातावाने एकच सांगत होते: ही गाडी आमची नाही, हा माणूस मी नाही, त्या दिवशी मी गावाला होतो. माझा नंबर आल्यावर ताईंनी मान वर न करता विचारलं, "फोटो तुमचा नाही, हो ना?"

"नाही नाही, आमचाच आहे. फार सुंदर आलाय. मोठा मिळेल का?"

ताईंनी मान वर केली. मग शेजारच्या हवालदारांना हाक मारली. "अहो, जरा इकडे या. ह्यांना फोटो आवडलाय."

हवालदार आले, त्यांनीही फोटो बघितला, मग मला बघितलं. पण माणसं चांगली होती. मोबाइलवर येतो तो गाडीपुरता कापलेला फोटो, मूळ फोटो सगळ्या चौकाचा असतो आणि चांगला मोठा असतो, असं ताईंनी समजावून सांगितलं. "पण असा मागितला म्हणून नाही देता येत. उद्या सगळेच अल्बम मागतील. तुम्ही हरकत घेतली, गाडीवर आमची माणसं नाहीत म्हणालात, तर सुनावणीला मूळ फोटो काढून दाखवतात."

मी उड्या मारत घरी आलो. एवढंच तर करायचं होतं! एका ओळीची हरकत: सदर चालक माझे वडील नाहीत.

आप्पांनी ऐकून घेतलं. पेपराची घडी केली.

"सुहास, मी जन्मभर खऱ्याच्या नकला काढून दिल्या. खालीवर एक काना झाला तर परत लिहून काढायचो. आता माझ्याच तोंडाकडे बघून लिहून देऊ, की हा मी नव्हे?"

मला वाटलं आई आता हट्ट धरेल. पण ती पदराला हात पुसत म्हणाली, "राहू दे रे. ह्यांच्या नावाला बट्टा लावून मला फोटो नको. भरून टाक ते चलान." आणि आत जाऊन डाळ निवडायला बसली. डाळ स्वच्छ होती, पाकिटातली होती. तरी ती किती तरी वेळ निवडत होती. मला फार वाईट वाटलं. या बाईने पन्नास वर्षांत स्वतःसाठी मागून मागून काय मागितलं, तर नवऱ्याचं हसू. तेही आम्हाला देता येत नव्हतं.

मी मोबाइल काढून चलान भरायला लागलो तेव्हा आप्पा म्हणाले, "थांब. दाखव तो फोटो."

पहिल्यांदाच त्यांनी तो हातात घेऊन नीट बघितला. स्वतःकडे नाही, मागे टेकलेल्या आईकडे बघत होते. बराच वेळ झाला. मला तंद्री लागते ती कुणाकडून आली, हे मला त्या दुपारी समजलं.

"गुन्हा कबूल करणाऱ्यालाही पुरावा बघायचा हक्क असतो," ते स्वतःशीच म्हणाले. "त्यासाठी नाकारायला कशाला हवं? रीतसर अर्ज करून नक्कल मागावी." आणि कपाटातून त्यांनी फाउंटन पेन काढलं.

पडून राहिलेली चलानं निकाली काढायला लोकअदालत भरते, तिथे आम्ही तिघं गेलो. आप्पांनी कोट घातला होता. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, म्हणून डब्याची पिशवी घेऊन, हेल्मेट हातात धरून त्यांच्या मागे. टेबलापलीकडे एक न्यायाधीश मॅडम, शेजारी एक वकील आणि कॉम्प्युटरपुढे एक पोलीस बसले होते. आमच्या पुढची माणसं दंड कमी करून मागत होती. आप्पांचा नंबर आला.

"गुन्हा कबूल आहे," आप्पा उभे राहून म्हणाले. "दंडात सवलत नको. फक्त पुराव्याची, म्हणजे मूळ छायाचित्राची, सही-शिक्क्याची नक्कल मिळावी असा अर्ज आहे."

मॅडमनी अर्ज वाचला. ते अक्षर बघूनच त्यांचा चेहरा बदलला. "नकलेचं कारण यात लिहिलं नाहीये."

आप्पा घुटमळले. उत्तर आईने दिलं.

"ह्यात हे हसतायत, म्हणून."

मॅडमनी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो निकाल राखून ठेवलेला होता. "हे?" त्या म्हणाल्या. "उघडा हो तो मूळ फोटो."

पोलिसांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर सगळा चौक पसरला. मोबाइलवर कधीच दिसला नव्हता एवढा मोठा, एवढा स्वच्छ. मधोमध आई-आप्पा, मेथी, मुळा. आप्पा खरंच मनापासून हसत होते. मॅडमसुद्धा जरा हसल्या.

"पण बघताय कुठे एवढं?" वकिलांनी विचारलं आणि त्यांचं बोट फोटोत सरकत सरकत एका बाजूला गेलं.

तिथे, आई-आप्पांपासून दोन हातांवर, दुचाकींच्या रांगेत, पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मागे, एक माणूस उभा होता. त्याच्याखाली गाडी नव्हती. नुसताच उभा होता, पायी. डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला, काच खाली ओढलेली. उजवी मूठ पुढे धरलेली. लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत.

"अगंबाई!" आई ओरडली. "अहो, हा! तो वेडा! आठवलं का?"

आणि आप्पांचे खांदे हलायला लागले. भर कोर्टात, सगळ्या लोकांसमोर. "सिग्नल सुटल्यावर," ते कसेबसे म्हणाले, "हात दाखवून... डावीकडे वळला."

"पायी!" आई डोळे पुसत म्हणाली. "हसून हसून डोळ्यांना धड दिसेना. आम्ही घरी येऊन ह्याला आणि सुनेला सांगणारच होतो, पण वाटेत गिरणीत दळण घ्यायला थांबलो आणि जे विसरलो ते विसरलोच."

टेबलापलीकडचे तिघंही हसत होते. मागची रांग पुढे येऊन बघत होती. मीही हसत होतो. काय एकेक माणसं असतात पुण्यात, असं मी म्हणणारही होतो. तेवढ्यात त्या माणसाच्या डाव्या हाताकडे माझं लक्ष गेलं.

पिवळ्या रंगावर हिरवे पोपट.

मी माझ्या हातातली पिशवी हळूच पाठीमागे नेली. पण कापड आईचं होतं, शिवण आईची होती. तिचं हसू हळूहळू थांबलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पाठीमागे.

"सुहास?"

सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. ती सोनेरी-तपकिरी संध्याकाळ म्हणजे माझ्या हेल्मेटची रंगीत काच होती. ती नदीपलीकडची शांतता म्हणजे कानांवरचा फोम. बसमधल्या बाई का उठल्या, कंडक्टर "सावकाश" का म्हणाला, आणि माझा श्वास मला एवढा स्पष्ट का ऐकू येत होता, तेही. जुनं पुणं वगैरे काही नव्हतं. मी लिफ्टमध्ये सवयीने हेल्मेट चढवलं होतं आणि घरच्या खुंटीला अडकवेपर्यंत उतरवलं नव्हतं.

"ह्या व्यक्तीला तुम्ही ओळखता?" मॅडमनी आप्पांना विचारलं.

आप्पांनी कोटाच्या बाहीने डोळे टिपले. खोटं तर ते बोलणार नव्हते.

"माझा मुलगा," ते म्हणाले. "ह्याच्याविरुद्ध काही चलान नाही ना?"

पोलिसांनी स्क्रीनवर वाकून नीट तपासलं. "नाही साहेब. नियम सगळे पाळलेत ह्यांनी."

नक्कल मिळाली. आप्पांनी ती मूळ फोटोशी ताडून बघितली, शिक्का मेथीच्या जुडीवर आलाय का मुळ्यावर तेही बघितलं, आणि मगच घेतली. दंड जागीच भरला. मी आईला हळूच सुचवलं की फ्रेम करताना ती डावी-उजवी बाजू थोडी कापता येईल.

"सूतभरही कापायचं नाही," आई म्हणाली. "हे हसतात कशाला, त्याचा पुरावा नको?"

आता तो फोटो दिवाणखान्यात आहे, पोपटांच्या पडद्याशेजारी. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आईच्या सगळ्या बहिणी आल्या होत्या. थोरली मावशी बराच वेळ आप्पांच्या हसण्याकडे बघत राहिली, मग आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चुकलं गं माझं. खरंच हसतात." आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, मला तेवढ्यावर सगळं भरून पावलं. मग मावशीने चष्मा वर केला आणि फोटोच्या कडेला बोट ठेवलं.

"आणि हे कोण उभं राहिलंय मधेच?"

"तो ना," आई कौतुकाने म्हणाली, "आमचा सुहास. हेल्मेटशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नाही."